जिवाणूंची खानेसुमारी

रात्री कोमट दुधाला विरजण लावता, सकाळी भांडं तिरकं केलं तरी दही जागचं हलत नाही. मधल्या आठ तासांत त्यात जिवाणू किती झाले? एकेक मोजायला बसलो तर हयात जाईल. आम्ही सूक्ष्मजीवशास्त्रवाले शितावरून भाताची परीक्षा करतो. फक्त आधी भात भरपूर पातळ करतो.

एक मिली नमुना नऊ मिली निर्जंतुक सलाइनमध्ये टाकला की तो दहापट पातळ झाला. त्यातला एक मिली पुढच्या नळीतल्या नऊ मिलीत, असं करत जायचं. दर नळीला पिपेट (द्रव मोजून उचलायची बारीक नळी) नवा. इथे आळस केलात तर मागच्या नळीतली मंडळी पुढच्या नळीत पाहुणी जातात. मग 0.1 मिली आगरच्या, म्हणजे जिवाणूंचं अन्न घातलेल्या जेलीच्या, प्लेटवर पसरून ती रात्रभर 37 अंशांवर ठेवायची. सकाळी एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके दिसतात, त्यांना कॉलनी म्हणतात. 30 ते 300 ठिपक्यांची प्लेटच मोजायची. कमी असले तर आकडा नशिबाचा, जास्त असले तर ठिपके एकमेकांत मिसळलेले.

दह्यात आणखी एक गंमत आहे. तिथले काही जिवाणू माळेसारखे एकमेकांना चिकटून असतात आणि अख्ख्या माळेचा एकच ठिपका उमटतो. म्हणून रिपोर्टवर ‘जिवाणू’ न लिहिता ‘कॉलनी फॉर्मिंग युनिट’ लिहितात. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

आता ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा हिशोब करू. दहा वाजता दहा हजारपट पातळ केलेल्या नमुन्यात 50 ठिपके मिळाले; प्लेटवर 0.1 मिलीच पसरला होता, म्हणून आणखी दहाने गुणायचं, म्हणजे मिलीला 50 लाख. बारा वाजता दहा लाखपट पातळ केलेल्यात 32, म्हणजे 32 कोटी. वाढ 64 पट. 64 म्हणजे एकाची सहा वेळा दुप्पट; 120 मिनिटांत सहा, तर एकीला 20 मिनिटं.

विद्यार्थी असताना माझं उत्तर एक तास आलं होतं. फ्रिजमधून कल्चर (वाढवून ठेवलेले जिवाणू) काढलं, ताज्या माध्यमात (त्यांच्या अन्नाच्या द्रवात) टाकलं आणि त्याच क्षणी घड्याळ लावलं. दोन तासांत वाढ जेमतेम चौपट. सरांनी वही पाहून एवढंच विचारलं, “झोपेतून उठले कधी ते?” नव्या माध्यमात जिवाणू आधी जुळवाजुळव करतात, तो लॅग फेज. तो वेळही मी वाढीत धरला होता. आकड्यांचा लॉग (लॉगरिदम) घेऊन वेळेनुसार आलेख काढा आणि रेघ जिथे सरळ चढते, तिथलेच आकडे उचला.

ती रेघ मनाने पुढे ओढू नका. ई. कोलायचे एक लाख कोटी जिवाणू मिळून साधारण एक ग्रॅम होतात. तरीही एकापासून सुरू करून 24 तास दर 20 मिनिटांनी दुप्पट केलं, तर कागदावर 4,700 टन होतात! प्रत्यक्षात अन्न संपतं. दह्यात तर त्यांनीच तयार केलेलं आम्ल त्यांना आवरतं.

क्षयाच्या तपासणीत “कल्चरच्या रिपोर्टला इतके दिवस का?” असं लोक वैतागून विचारतात. क्षयाचा जिवाणू दुप्पट व्हायला साधारण 20 तास घेतो, ई. कोलायच्या साठपट. ई. कोलायचा ठिपका बारा तासांत दिसतो असं धरा आणि त्याला साठने गुणा. 720 तास, म्हणजे तीस दिवस.