जुनी बाटली धुऊ नका

जुनी बाटली सापडली की आपला हात आधी नळाकडे जातो. तिथेच थांबा. तिच्यावर लेबलाचा एखादा तुकडा जरी चिकटलेला असेल, तरी तिला पाणी लावू नका. काच टिकते. कागद मात्र ओल, कसर आणि आपली स्वच्छतेची हौस या तिघांतून क्वचितच वाचतो.

आधी काच बघू. बाटली उजेडात धरा, साच्याची उभी रेघ शोधा. ती मानेतच विरली असेल, तर तोंड बहुधा कारागिराने हाताने घडवलंय. थेट ओठावरून गेली असेल, तर बाटली यंत्राची. अमेरिकेत मायकेल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र १९०३च्या सुमारास आलं. पण परदेशी पुस्तकांतला हिशेब इथे जसाच्या तसा लावू नका. माणशी एक पैसा गोळा करणाऱ्या पैसा फंडाचा काचकारखाना तळेगाव दाभाड्याला १९०८ साली निघाला, आणि आपल्याकडे काच फुंकण्याचं काम त्यानंतरही कित्येक दशकं चाललं. गोटी सोड्याच्या बाटल्या तर आजही बनतात. गोटी दिसली म्हणून जुना भाव देऊ नका.

वय नेमकं सांगतं ते लेबल. किंमत आण्यांत आहे? मग छपाई बहुधा १ एप्रिल १९५७च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ लिहिलंय? १९५७ ते १९६४. माप औंसांत असेल, तर साधारण साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचं. पत्त्यात सहा आकडी पिन असेल, तर लेबल १५ ऑगस्ट १९७२च्या आधीचं असूच शकत नाही. जुनी छापील लेबलं संपेपर्यंत वापरली जात, म्हणून दोन-चार वर्षं इकडेतिकडे धरा.

आता खरेखोटेपणा. काचेत उठवलेलं नाव एका कंपनीचं आणि लेबल दुसऱ्याचं, म्हणजे लबाडीच असं नाही. आपल्याकडे रिकामी बाटली पुन्हा भरली जायचीच. मात्र कागद तपासा. नोटा पारखायच्या जांभळ्या दिव्याखाली तो निळसर पांढरा चमकला, तर ते १९५०च्या आधीचं लेबल मानू नका.

मला स्वतःला सर्वांत मोलाची वाटते ती दवाखान्यातली मिक्श्चरची बाटली. कंपाउंडर कागदाची पट्टी दुमडून कडेने कातरायचा आणि बाटलीला उभी चिकटवायचा. एक खाच, एक डोस. वर शाईने रुग्णाचं नाव. विकायला गेलात तर ठळक चित्राचं लेबल, मूळ बूच आणि खोका असलेली बाटली तिच्यापेक्षा जास्त पैसे देईल. तरीही अशी पट्टी शाबूत दिसली, तर सोडू नका.

भावाचं म्हणाल, तर चोर बाजारात दुकानदार पहिल्यांदा सांगतो तो आकडा विसरा. सौदा पटतो तो आकडा लिहून ठेवा. अर्धं लेबल फाटलं की भाव अर्ध्याहूनही खाली येतो.

घरी आणल्यावर मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, उन्हापासून लांब ठेवा. आत औषध उरलं असेल तर बूच काढू नका. जुन्या औषधांत पारा आणि सोमल, म्हणजे विषारी आर्सेनिकही असायचं. आणि बाटली कोणत्या गावातून, कुणाच्या घरातून आली ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून तिच्यासोबत ठेवा. चिठ्ठी बाटलीला चिकटवू मात्र नका.