हिरव्यावरून लाल गेला की ट्रान्झिस्टर

चिप आखायचा खेळ बनवायला घेतला की पहिला प्रश्न येतो, गाळायचं काय? सगळंच दाखवायला गेलं तर तो खेळ राहत नाही, एम.टेक.चा अभ्यासक्रम होतो. फारच गाळलं तर अँड, ऑर, नॉट या तर्काच्या गेटची चिन्हं तारेने जोडायची एवढंच उरतं. तसले खेळ ढीगभर आहेत. त्यांत तर्क शिकता येतो, सिलिकॉन मात्र कुठे दिसत नाही.

हे गाळण्याचं काम कॅलटेकचे कार्व्हर मीड आणि झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्राच्या लिन कॉनवे यांनी सत्तरच्या दशकात करून ठेवलंय. तोवर चिप आखणं बहुतेक कंपन्यांच्या भिंतींआडच चालायचं आणि जिथे तिथे नियम वेगळे. या दोघांनी सगळी मापं लॅम्डा नावाच्या एकाच एककात बसवली. पॉलिसिलिकॉनची (तारेसारखी वीज वाहणाऱ्या सिलिकॉनच्या थराची) पट्टी किमान २ लॅम्डा रुंद, धातूची ३. लॅम्डा म्हणजे किती मायक्रॉन, ते कारखान्याने ठरवावं. यात थोडी जागा वाया जाते, पण नियम विद्यार्थ्याच्या डोक्यात मावतात. १९७८ साली कॉनवेबाईंनी एमआयटीत हा विषय शिकवला आणि मुलांनी आखलेल्या चिप खरोखर बनवून आणल्या. पुढच्याच वर्षी १२ विद्यापीठांमधून ८२ डिझाइन्स आली!

आमच्या खेळात त्यांचेच रंग आहेत: हिरवं डिफ्यूजन (अशुद्धी सोडून वीज वाहतं केलेलं सिलिकॉन), लाल पॉलिसिलिकॉन, निळा धातू. पडदा म्हणजे रांगोळीचा ठिपक्यांचा कागद समजा. ट्रान्झिस्टर नावाची वस्तू मात्र आम्ही मुद्दामच दिलेली नाही. हिरव्या पट्टीवरून लाल पट्टी ओढली की तिथे तो आपोआप तयार होतो. लालला व्होल्टेज मिळालं की हिरवा रस्ता खुला, नाही तर बंद. ही खेळापुरती केलेली सोय नाही बरं का. कारखान्यातही लाल पट्टी आधी पडते, मग सिलिकॉनमध्ये अशुद्धी सोडतात. पट्टीखाली ती पोचत नाही, म्हणून हिरवा रस्ता नेमका तिथेच तुटतो.

खरी मजा यानंतर. लाल तार पलीकडे न्यायची आहे आणि वाटेत हिरवी पट्टी आडवी आली, तर नको तिथे ट्रान्झिस्टर होतो. लालवर लाल आली की शॉर्ट. मग काँटॅक्ट, म्हणजे दोन थरांमधला सांधा, टाकून निळ्यावर चढायचं, पलीकडे उतरायचं, आणि तिथे आधीच दुसरी निळी तार बसलेली असते. तारांना जागा लागते, ही एक गोष्ट मी कितीही सोपं करायचं झालं तरी गाळणार नाही. म्हणूनच गुण क्षेत्रफळावर आहेत, जितकं कमी तितकं चांगलं. चिप मोठी झाली की एका वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, कमी मावतात, शिवाय प्रत्येकीत एखादा दोष सापडण्याची शक्यता वाढते. १९७१ च्या इंटेल ४००४ या प्रोसेसरमध्ये सुमारे १२ चौरस मिलिमीटरमध्ये २,३०० ट्रान्झिस्टर बसवले होते.

रोध, धारकता, गळती हे सगळं आम्ही सोडून दिलं. प्रत्येक गेटला एक ठोका उशीर, बस्स. आजच्या चिपमध्ये तारेतला उशीर ही केवढी डोकेदुखी आहे हे मी जाणतो, त्यामुळे फिजिक्सवाल्यांनी रागावू नये. एका ठोक्याच्या हिशेबातही तीन इन्व्हर्टर (म्हणजे नॉट गेट) गोल जोडले की ते स्वतःहून थडथडायला लागतात, आणि ते बघताना मुलं हरखतात.

रंगांचा एक घोळ होताच. लाल-हिरवा फरक काही मुलांना दिसत नाही. म्हणून लालवर तिरप्या रेघा आहेत, हिरव्यावर ठिपके.

‘सीमॉस, म्हणजे एन आणि पी अशा दोन्ही प्रकारचे ट्रान्झिस्टर, का नाही?’ असं विचारतात. सुरुवातीला नाहीच. ८०८० काय, ६५०२ काय, हे दोन्ही जुने प्रोसेसर एनमॉसच, म्हणजे नुसत्या एन-प्रकारच्या ट्रान्झिस्टरचे होते. एनमॉसचा नॉट गेट आखायला सोपा, पण आउटपुट शून्य असताना त्यातून वीज सतत वाहत राहते. खेळात कोपऱ्यात विजेचा मीटर आहे. पहिल्या पातळ्यांवर तिकडे कोणी बघतही नाही. पुढे बेरजेचं सर्किट मोठं होत जातं, मीटर लाल रेषेपार जातो आणि कितीही तारा हलवल्या तरी खाली येत नाही. तेव्हा आम्ही पी-प्रकारच्या डिफ्यूजनचा चौथा रंग खुला करतो, आणि ही सतत वाहणारी वीज थांबवणारं सीमॉस हाती येतं.