विषय समुपदेशकाने आधी काढायचा

नमस्कार मंडळी.

सकाळी युवा विभागाच्या गप्पांमध्ये नववीतली एक मुलगी काय म्हणाली, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलं. इथे अमेरिकेतल्या शाळेत एक मुलगा तिला भारतीय म्हणून त्रास देतो, त्याबद्दल ती बोलत होती. "कौन्सेलरला सांगितलं तर ती म्हणाली, तो गंमत करत असेल. आईला सांगितलं तर आई म्हणाली, दुर्लक्ष कर आणि अभ्यासाला बस. मग सांगायचं कुणाला?" कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'ताणतणाव आणि आपण' असा छापलाय. तो आज बाजूला ठेवते आणि एक समुपदेशक म्हणून तिच्या प्रश्नावर बोलते.

कौन्सेलरचं उत्तर ही व्यावसायिक चूक आहे, आणि तिला मोठा इतिहास आहे. १८५१ साली लुइझियानातल्या सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टराने मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना 'ड्रेपटोमेनिया' नावाचा मानसिक आजार झालाय असं छापून प्रसिद्ध केलं. तेव्हापासून आजवर, अन्यायाने त्रासलेल्या माणसातच बिघाड शोधायची खोड या क्षेत्राला आहे. कृष्णवर्णीय रुग्णांवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का गोऱ्यांपेक्षा जास्त सहज बसतो, हे अभ्यासांत वारंवार दिसलंय. २०२१ साली अमेरिकेतल्या आधी मानसोपचारतज्ज्ञांच्या आणि मग मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने याबद्दल जाहीर माफी मागितली. माफी झाली, खोलीत बसल्यावर काय करायचं हे मात्र प्रत्येक समुपदेशकाला शिकावंच लागतं.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे वंशभेदाचा विषय समुपदेशकाने आधी काढायचा. समोरचा माणूस वाट बघत असतो, अंदाज घेत असतो, आणि बहुतेक वेळा गप्प बसतो. पहिल्या-दुसऱ्या भेटीत गोऱ्या समुपदेशिकेने इतकंच म्हणायचं: "मी गोरी आहे, तू भारतीय घरातली आहेस. शाळेत जे होतंय त्यात रंगाचा, नावाचा, डब्याचा काही संबंध असेल तर तो इथे बोलायला पूर्ण मोकळीक आहे. आज नको असेल तर पुढे कधीही." आणि मग थांबायचं. मुलगी "नाही, तसं काही नाही" म्हणाली तर ते मान्य करायचं, पण काही आठवड्यांनी, संदर्भ आला की पुन्हा दार किलकिलं करायचं. एकदा विचारून विसरणं ही चूक, तसंच दर भेटीत तेच उकरणंही चूक. परीक्षेची धास्ती घेऊन आलेल्या मुलीला परीक्षेबद्दलच बोलायचं असू शकतं.

डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अधिकृत ग्रंथात, २०१३ पासून सोळा प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत दिलेली आहे. तिचा शेवटचा प्रश्न उपचार करणारा आणि घेणारा यांच्यातल्याच फरकाबद्दल आहे: पार्श्वभूमी वेगळी असल्याने गैरसमज होतात, तशी काळजी तुम्हाला वाटते का? हा प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. घाईत तोच गळतो.

आता जिथे सर्वात जास्त बिघडतं ते सांगते. विचार तपासण्याची एक पद्धत आहे, सीबीटी. तुमच्यापैकी अनेकांनी तिचा तक्ता भरला असेल: मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा. पद्धत उत्तम आहे. पण मुलगी म्हणते, "ते मला माकड म्हणतात आणि गटात घेत नाहीत. माझ्यातच काहीतरी खोट आहे." यात दोन वाक्यं आहेत. पहिली घटना आहे. ती तक्त्यात घालून "पुरावा काय?" विचारलं, की मुलीच्या लेखी समुपदेशकही त्या मुलांच्याच बाजूला जाऊन बसतो. तपासायचं ते दुसरं वाक्य, आणि तेही लगेच नाही. आधी झालं ते खरं मानायचं. मग झोप, भूक, शाळेत जायच्या आधी पोटात येणारा गोळा, हे विचारायचं. ती सुरक्षित आहे का ते बघायचं. नंतर स्वतःवर ओढून घेतलेला दोष सोडवायचा आणि शेवटी शाळेला लेखी कळवायचं का, ते तिच्याशी बोलून ठरवायचं. हा क्रम उलटा झाला की मुलं तिसऱ्या भेटीला येत नाहीत, आणि आपण म्हणतो, काही उपयोग झाला नाही.

आणखी एक. "मला रंग दिसतच नाही" म्हणणारा समुपदेशक प्रेमाने बोलत असेल, तरी त्याने विषय बंद केलेला असतो. वंशभेदाचं ऐकून जो स्वतःच इतका हळहळतो की पेशंटनेच त्याची समजूत काढावी, त्याच्याकडेही काम होत नाही.

तुम्ही काय करू शकता? बरेच समुपदेशक पहिल्या भेटीआधी दहा-पंधरा मिनिटं फोनवर विनामूल्य बोलतात. तेव्हाच विचारा: वंशभेदाच्या अनुभवांवर काम केलंय का, आणि कसं करता? उत्तर गोलगोल आलं तर पुढचा नंबर फिरवा. परवाना राज्याच्या बोर्डाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. मुलांनी सांगितलेलं पालकांना किती कळवतात, याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. ते पहिल्याच दिवशी मुलांसमोर विचारून घ्या. आजी-आजोबांसाठी नातवंडांना दुभाषी म्हणून बसवू नका, दुभाषी मागा. समुपदेशकाचं काही लागलं तर पुढच्या वेळी सरळ सांगा. चांगला समुपदेशक स्वतःचा हेतू समजावत बसत नाही. ऐकतो, थोडक्यात माफी मागतो, तुमच्यावर काय परिणाम झाला ते विचारतो. तसं झालं नाही तर बदला, त्यात कुणाचा अपमान नाही. आणि जीव द्यावासा वाटण्यापर्यंत कोणी पोचलं असेल तर ९८८ या अमेरिकेतल्या मदतक्रमांकावर फोन किंवा मेसेज, रात्री-अपरात्री कधीही.

आता त्या मुलीला मिळालेलं दुसरं उत्तर. मंडळी, ते आपलं आहे. १९८७ मध्ये जर्सी सिटीत टिकली बघून भारतीयांना मारणारे 'डॉटबस्टर्स' होते. तो काळ पाहिलेली माणसं या सभागृहात आहेत. त्यांच्यापैकी कितीजणांनी ते घरात मुलांना सांगितलं? मान खाली घालून काम करा, आपण भले आपलं काम भलं, यावर एक अख्खी पिढी उभी राहिली. तिच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मूल घाव दाखवतं तेव्हा त्याच्या हातात वही देऊ नका. "काय झालं? कोण होतं? तुला काय वाटलं?" एवढं विचारा. "तू काय केलंस?" हा प्रश्न त्या दिवशी नको.

एक काळजी मात्र मला सुटत नाही. जी मुलं शाळेत हे सोसतात, तीच संध्याकाळी आपल्या दिवाणखान्यात कृष्णवर्णीय शेजाऱ्यांबद्दल आपण काय बोलतो, सुनेचा रंग कसा मोजतो, आडनावावरून काय काढतो, ते ऐकतात. मग समुपदेशकाने आपणहून विषय काढला, सगळं नियमाप्रमाणे केलं, तरी ते मूल शाळेबद्दल बोलेल आणि घराबद्दल गप्प बसेल. आईवडिलांना उघडं न पाडता ते त्याने कसं बोलायचं, आणि आम्ही ते कसं विचारायचं, याची पद्धत मला अजून सापडलेली नाही.