आकडा न सांगता बेरीज कशी करायची?

नमस्कार. तिघांकडे एकेक गुपित आकडा आहे. तो कुणालाच सांगायचा नाही, पण तिघांची मिळून बेरीज मात्र हवी आहे. विश्वासातला चौथा माणूसही मधे घ्यायचा नाही. जमेल? फळ्यावर करूनच बघू.

पहिल्याचा आकडा ४२. तो त्याचे तीन तुकडे करतो: १७, ८८, ३७. बेरीज १४२ होते, पण आपण फक्त शेवटचे दोन अंक धरायचे, म्हणजे ४२. यातले दोन तुकडे त्याने मनाला येतील तसे घेतलेत, तिसरा हिशेब जुळवायला. एक तुकडा स्वतःकडे ठेवला, बाकीचे एकेक करून दोघांना दिले. आता ज्याच्या हाती ८८ आला, त्याला काय कळलं? काहीच नाही. मूळ आकडा ० ते ९९ मधला कुठलाही असू शकतो, सगळ्यांची शक्यता सारखीच. कितीही मोठा कॉम्प्युटर आणा, त्या ८८ मधून काही निघणार नाही, कारण त्यात काही नाहीच! मला या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

दुसरा आपल्या १५ चे ६०, ५, ५० करतो. तिसरा ३० चे ९, ७१, ५०. प्रत्येकाचा पहिला तुकडा पहिल्याकडे, दुसरा दुसऱ्याकडे, तिसरा तिसऱ्याकडे. मग प्रत्येकजण आपल्या हातातले तुकडे मिळवतो, पुन्हा शेवटचे दोनच अंक धरून: ८६, ६४, ३७. हे खुशाल जाहीर करायचे. त्यांची बेरीज १८७, म्हणजे ८७. पडताळून बघा, बरोबर आहे.

पण थांबा. पहिला आणि दुसरा एक झाले, तर ८७ मधून आपले ५७ वजा करतील आणि तिसऱ्याचे ३० उघडे पडतील. इथे पद्धत कुठेच चुकलेली नाही. उत्तरातूनच जे कळतं, ते क्रिप्टोग्राफीचं, म्हणजे माहिती गुप्त ठेवण्याच्या शास्त्राचं, कुठलंही तंत्र झाकू शकत नाही. म्हणून तुकडे कुणाकडे आहेत आणि उत्तर काय बाहेर येणार, हे आधी विचारावं.

आकडे न सांगता हिशेब करण्याच्या या पद्धतीला म्हणतात सिक्युअर मल्टिपार्टी कॉम्प्युटेशन, थोडक्यात एमपीसी. संगणकशास्त्रज्ञ अँड्र्यू याओ यांनी १९८२ मध्ये प्रश्न मांडला: दोन कोट्यधीशांपैकी श्रीमंत कोण, हे संपत्ती न सांगता ठरवता येईल का? बेरीज सोपी असते. गुणाकारात मात्र सगळ्यांना एकमेकांना निरोप पाठवत बसावं लागतं, आणि सगळा वेळ तिथेच जातो. पण या दोन क्रिया जमल्या, की कॉम्प्युटरवरचा कुठलाही हिशेब जमतो.

प्रत्यक्षात बघायचं तर डेन्मार्क, जानेवारी २००८. साखरबीट पिकवणारे सुमारे १,२०० शेतकरी, आणि बीट घेणारी कंपनी एकच, डॅनिस्को. बीट पुरवण्याच्या हक्कांचा लिलाव करायचा होता. शेतकऱ्याची बोली कंपनीला दिसली, तर त्याला काय परवडतं हे कळणार आणि पुढच्या करारात तो दबणार. लिलाव एकट्या शेतकऱ्यांच्या संघटनेच्या हाती देणंही अवघड, कारण शेतकऱ्यांकडून कंपनीला जे पैसे येणं होतं, त्याला हे बीट पुरवण्याचे करारच तारण होते. मग प्रत्येक बोलीचे तुकडे तीन सर्व्हरवर गेले: एक कंपनीचा, एक संघटनेचा, एक संशोधकांचा. एकट्या कुणालाच बोली वाचता येत नव्हती. हिशेबाला साधारण अर्धा तास लागला. बाहेर आला तो फक्त भाव, आणि त्या भावाने सुमारे २५,००० टन उत्पादनाच्या हक्कांची खरेदी-विक्री झाली.