पाटीवरची दोन नावं आणि पाच हजार किलोमीटरची एक भाषा

(दृश्य: डोंगरातला रस्ता, गावाच्या वेशीवरची पाटी)

हे सिसिली. पालेर्मोहून गाडी डोंगर चढू लागते आणि तासाभरात एका गावाच्या वेशीशी येते. पाटीवर गावाची दोन नावं आहेत. इटालियन नाव पियाना देल्यी अल्बानेझी, म्हणजे अल्बेनियन लोकांचं पठार. दुसरं नाव गावकऱ्यांच्या स्वतःच्या भाषेतलं. हे गाव 1488 साली वसलं. तुर्कांशी झुंजणारा अल्बेनियन सरदार स्कंदरबेग 1468 मध्ये वारला, आणि त्यानंतर अल्बेनियन कुटुंबं समुद्र ओलांडून इटलीच्या दक्षिणेला येत राहिली. पाचशे वर्षं उलटली तरी इथल्या आजीबाई घरात जुनी अल्बेनियनच बोलतात. तिला इथे आर्बरेश म्हणतात.

अल्बेनियन भाषा कुठे बोलतात, असं विचारलं तर ‘अल्बेनियात’ हे उत्तर अर्धंच ठरतं. 2023 च्या जनगणनेत अल्बेनियाची लोकसंख्या चोवीस लाखांच्या आसपास भरली. शेजारच्या कोसोवोत बहुसंख्य लोकांची भाषा हीच. उत्तर मॅसिडोनियाच्या पश्चिम पट्ट्यात, माँटेनेग्रोच्या उल्चिन बंदरात, सर्बियाच्या दक्षिण टोकालाही हीच ऐकू येते. ग्रीसमधल्या काही जुन्या खेड्यांत तिचं एक रूप म्हाताऱ्यांच्या तोंडी उरलंय. नकाशावर हा पट्टा बहुतेक सलग आहे. सरहद्दी मात्र त्याच्या मधून गेल्यात.

आणि खुद्द अल्बेनियाच्या मधून जाते श्कुंबिन नदी. तिच्या उत्तरेला गेग बोली, दक्षिणेला तोस्क. देशाचं नाव घेतानाच माणूस कुठला ते कळतं: गेग म्हणणार ‘श्चिपनिया’, तोस्क म्हणणार ‘श्चिपरिया’. एकाचा ‘न’, दुसऱ्याचा ‘र’. 1972 साली राजधानी तिरानात शुद्धलेखन परिषद भरली आणि प्रमाण भाषा ठरली ती मुख्यतः तोस्कच्या पायावर. कोसोवोचे लोक गेग बोलणारे, तेव्हा राहायला युगोस्लाव्हियात, आणि अल्बेनियाची सरहद्द जवळपास बंद. तरीही तिथल्या अभ्यासकांनी त्याआधीच, 1968 मध्ये प्रिश्टिनात, पलीकडे रूढ होत असलेली ही प्रमाण भाषा आपली म्हणून स्वीकारली होती. स्वतःची बोली बाजूला ठेवून! मला तरी या साऱ्या कहाणीतली ही सगळ्यात धाडसी गोष्ट वाटते.

(दृश्य: जकार्ता, सकाळची गर्दी)

त्याच 1972 साली, ऑगस्टमध्ये, इंडोनेशियानंही आपलं लेखन सुधारलं. नातवंडाला इथे ‘चुचु’ म्हणतात. डचांच्या पद्धतीनं ‘च’ लिहायला टी आणि जे अशी दोन रोमन अक्षरं लागायची. आता एकट्या ‘सी’वर भागतं. योगायोग तेवढाच. पुढची गोष्ट अगदी उलटी: तिकडे एक भाषा अनेक देशांत, इकडे एका देशात अनेक भाषा.

इथे लोक ‘साबांग ते मेराउके’ असं म्हणतात, जसं आपण काश्मीर ते कन्याकुमारी म्हणतो. अंतर पाच हजार किलोमीटरच्या वर. सतरा हजारांहून जास्त बेटं, सातशेच्या वर भाषा. 28 ऑक्टोबर 1928 ला तरुणांनी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, शपथ घेतली: आमची भूमी एक, आमचं राष्ट्र एक. तिसऱ्या कलमात मात्र ‘आमची भाषा एक’ असं त्यांनी म्हटलंच नाही. ऐक्याची भाषा म्हणून इंडोनेशियनचा मान राखू, एवढंच म्हटलं. बाकीच्या भाषांना जागा उरली ती तिथे.

ही भाषा म्हणजे मुळात मलय, बंदरांतली, व्यापाऱ्यांची. त्या वेळी फार थोड्यांची ती मातृभाषा होती. सर्वांत मोठा समाज होता जावा बेटावरच्या जावानीज लोकांचा. मग जावानीज का नको? एका घरात डोकावू. धाकट्या भावाला ‘जेवलास का’ विचारायचं तर क्रियापद ‘मांगान’. वडिलांना विचारायचं तर ‘धाहार’. आपण ‘जेवलास’चं ‘जेवलात’ करतो, प्रत्यय बदलला की काम झालं. इथे अख्खा शब्दच बदलतो. समोरच्याचा मान आधी ओळखायचा, मग तोंड उघडायचं. इंडोनेशियनमध्ये सगळ्यांना एकच ‘माकान’. परक्या बेटावरच्या माणसाशी बोलताना केवढी सोय!

सरहद्दीपलीकडे ही भाषा पोचली ती शेजारच्या पूर्व तिमोरमध्ये, इंडोनेशियाच्या 1975 च्या लष्करी आक्रमणाबरोबर. 1999 मध्ये सत्ता गेली, भाषा राहिली. 2002 च्या तिथल्या राज्यघटनेनं तिला इंग्रजीसोबत कामकाजाची भाषा म्हणून जागा दिली.

(दृश्य: शाळेचा फळा, मुलं अंक म्हणताहेत)

मराठी कानाची इथे चांगलीच फसगत होते. जकार्तात पावलोपावली ओळखीचे शब्द: भाषेला ‘बहासा’, शिक्षकाला ‘गुरू’, पृथ्वीला ‘बुमी’, नवऱ्याला ‘सुआमी’, बायकोला ‘इस्त्री’. पण या भाषेचं मराठीशी नातं काहीच नाही. जुन्या काळात संस्कृतातून घेतलेले हे शब्द. खरी भाऊबंदकी अल्बेनियनशी. आपली आणि तिची मूळ पणजी एकच, इंडो-युरोपीय. तिरानाच्या शाळेतली मुलं अंक म्हणतायत, ऐका: न्य, द्यु, त्रे, कातर, पेस... यातला ‘पेस’ म्हणजे आपला पाच.