काट्यांआधी फणस

(दृश्य: घराची पडवी. गोणपाटावर फणस. दारातून तिरकं ऊन.)

मे महिना. सावंतवाडीजवळच्या एका घराची पडवी. सुट्टीतला चित्रकलेचा वर्ग इथेच भरतो. मधोमध बसवलेला फणस सकाळी झाडावरून उतरवलाय. देठाकडे बघा, चीक अजून ठिबकतोय. म्हणून खाली गोणपाट, आणि म्हणूनच सरांच्या पेटीत खोडरबराशेजारी खोबरेल तेलाची बाटली.

मुलांनी पेन्सिली काढल्यात, पण कागदाला हात लावायची परवानगी नाही. आधी फणसाभोवती फिरायचं. वाकून बघायचं, हात लावून बघायचं. सर एवढंच म्हणतात, "काय दिसता, ताच काढ."

(जवळून: फणसाच्या कुशीतला खळगा.)

दिसतं ते हे. फणसाची एक बाजू आत बसली आहे. फणस म्हणजे एका फुलाचं फळ नव्हे. शेकडो फुलं एकमेकांना चिकटून तो तयार होतो, आणि वरचा एकेक काटा ही एकेका फुलाची खूण. ज्या फुलांपर्यंत पराग पोचले नाहीत, तिथे गरा धरला नाही आणि तेवढी जागा खोल राहिली. चित्रांच्या पुस्तकातल्या फणसाला असा खळगा सहसा नसतो. समोरच्या फणसाला आहे, तेव्हा तो कागदावर यायलाच हवा.

आता पेन्सिल. एचबी, टोक फार अणकुचीदार नको. पहिली रेघ देठापासून खालच्या टोकापर्यंत, म्हणजे फणसाचा अक्ष. फणस डावीकडे कलंडलाय, रेघही कलंडलेली. तिच्याभोवती लंबगोल, एका फटक्यात नाही, सैल हातानं दोन-तीनदा फिरवून. मग खळग्यापाशी रेघ आत घ्यायची. देठ शेवटी चिकटवायचा नाही, तो आत्ताच, अक्षाच्या ओळीत.

इथवर सगळ्यांचं जमतं. घोडं पेंड खातं ते काट्यांपाशी.

(दृश्य: एका मुलाचा कागद, वरून.)

या कागदावर बघा. डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात झाली, एकाशेजारी एक काटा, सगळे सारखे, सगळे आपल्याकडे तोंड करून. तिसऱ्या ओळीत हात कंटाळला आणि काटे मोठे झाले. फणस सपाट पडला. काटे सगळे आहेत, गोलाई मात्र गेली.

सर खोडत नाहीत. नवा कागद देतात.

पुन्हा लंबगोल. या वेळी काटे नाहीतच. देठापासून खाली उतरणाऱ्या तिरक्या रेघा, पण सरळ नव्हेत. फणसाच्या पोटावरून वळून जाणाऱ्या. मग उलट्या बाजूनं तशाच. दोन्ही मिळून टोपलीच्या विणीसारखी जाळी तयार होते. मध्यावर घरं ऐसपैस, कडेला चिंचोळी. जिथे रेघा एकमेकींना छेदतात, तिथे एक ठिपका. तो काट्याचा शेंडा. मधल्या ठिपक्यांभोवती पाच-सहा कोनांची छोटी घरं काढायची, कारण तिथले काटे थेट आपल्याकडे बघतात. कडेकडे जाल तसे ते आडवे होतात, शेंडे बाहेर झुकतात, आणि बाह्यरेषेवर नुसते दाते उरतात. खऱ्या फणसावर रांगा इतक्या शिस्तीत नसतात, त्यामुळे जाळी थोडी चुकली तर बिघडत नाही.

(दृश्य: जुन्या ग्रंथातलं फणसाचं चित्र.)

समोर ठेवून काढायची ही रीत जुनी आहे. कोचीचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे यानं मलबारातल्या वनस्पतींचा ग्रंथ करवून घेतला, 'होर्टस मलबारिकस'. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये त्याचे १२ खंड छापले गेले. सातशेहून अधिक चित्रं. रानातून ताज्या फांद्या, फुलं, फळं आणायची आणि चित्रकारांनी ती समोर ठेवून काढायची. गुण सांगायला इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य. त्यांचं नागरी लिपीतलं निवेदन पहिल्या खंडात छापलेलं आहे. अनेक चित्रांवर झाडाचं नाव देवनागरीतही कोरलेलं दिसतं. फणस तिसऱ्या खंडात आहे.

झाडावर लागणारं हे जगातलं सर्वांत मोठं फळ. बांगलादेशाचं राष्ट्रीय फळ, केरळचं २०१८ पासून राज्यफळ. आणि कोकणातल्या मुलाला फळ काढ म्हटलं की तो सफरचंद काढतो, वर एक पान ठेवून!

(दृश्य: चितारआळीतली लाकडी फळं.)

सावंतवाडीच्या चितारआळीत ही लाकडी फळं मिळतात. काम देखणंच आहे. वर्गात मात्र ती चालत नाहीत. नकलेवरून नक्कल कशाला, दारात झाड असताना?

(दृश्य: पुन्हा पडवी. ऊन सरकलेलं.)

आता छाया. पेन्सिल ४बी. डोळे किलकिले करा. काटे पुसट होतात आणि उरतो एक उजळ भाग, एक काळोखा. आधी हा मोठा काळोख भरून घ्यायचा, काट्यांची पर्वा न करता. मग काटे, पण सगळीकडे नाही. उजेडात ते उन्हात विरलेले, अंधारात बुडालेले. ठसठशीत दिसतात ते उजेड आणि सावली भेटतात त्या पट्ट्यात. तेवढेच नीट काढा, प्रत्येकाची एक बाजू गडद ठेवून. बाकीचे बघणाऱ्याचा डोळा भरून घेतो. ही मुलगी बघा, पट्टा संपताच तिनं पेन्सिल खाली ठेवली. शेजारचा अजून काटे मोजतोय.

शेवटी गोणपाटावर पडलेली सावली. फणसाला चिकटून सगळ्यात काळी, लांब जाईल तशी फिकी. ती नसेल तर फणस हवेत तरंगतो.

रंगाच्या पेटीतला पोपटी उचलायचा मोह होतो. तो नको. मातकट पिवळ्या यलो ऑकरचा पातळ हात, वर सॅप ग्रीन, आणि शेंड्यांना तांबूस तपकिरी बर्न्ट सायनाचा नुसता स्पर्श. पिकत आलेला फणस याच रंगांचा असतो, विश्वास नसेल तर कागद त्याच्या शेजारी धरून बघा.

यातली काही मुलं पुढे चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांना बसतील, वस्तुचित्राच्या पेपराला हा हात कामी येईल, दहावीला जादा गुणही मिळतील.

(दृश्य: भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं, एकामागून एक.)

एकाचा फणस लठ्ठ, एकाचा उभट. एका कागदावर चिकाचा तपकिरी ठसा. खळगा सगळ्यांत आहे, जागा मात्र वेगळी, कारण जो जिथे बसला तिथून त्याला तो तसा दिसला.

उद्याचा धडा कापलेल्या फणसाचा. तो दहा मिनिटांत उरकावा लागतो, कारण मॉडेल कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांचा फणस आहे आणि वर्गातले सगळे सकाळपासून विळीकडे बघतायत.