बाकी काही नाही

(दृश्य: दुपारची ओसरी. टॅब घेतलेली सर्वेक्षक चटईवर बसते.)

"गेले दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसभर उदास वाटतंय का?"

2015-16 मध्ये असे प्रश्न घरोघरी जाऊन विचारले गेले. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं केलेलं ते राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण. 12 राज्यं, 34,802 प्रौढ. दवाखान्याच्या रजिस्टरवरून हे कळलं नसतं. तिथं नाव लागतं ते दवाखान्यापर्यंत पोचलेल्याचं.

शंभरातल्या जवळपास 11 प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. बातम्यांत हाच आकडा गाजला. मला मात्र दुसरा आकडा जास्त छळतो. नैराश्य, चिंता यांसारखे आजार असलेल्या शंभरांपैकी 85 जणांना उपचारच मिळत नव्हते. ज्यांना भास होतात, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असं ज्यांना वाटत राहतं, त्या गंभीर आजारातही चारांतले तिघे तसेच राहिले होते.

(दृश्य: एसटीची वाट पाहणारं कुटुंब.)

का राहिले? मध्य प्रदेशात लाखामागे 0.05 मनोविकारतज्ज्ञ होते. म्हणजे वीस लाख माणसांना एक! केरळात लाखामागे 1.2. आणि औषधं, येणं-जाणं यांवर घरटी महिन्याला हजार-दीड हजार रुपये जात होते. मजुरी बुडते ती वेगळीच. एवढं कळल्यावर तरी गोळ्या तालुक्याच्या गावी न जाता, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हव्यात, हे पुन्हा पटवून द्यावं लागू नये. ऑक्टोबर 2022 मध्ये टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोन हेल्पलाइन सुरू झाली. 14416 हा नंबर फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं. बसभाडं नसलेल्याला निदान तेवढा आधार झाला.

त्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथं मनोरुग्णालयं असलेलं, शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेलं आपलं राज्य त्या मोजणीबाहेर राहिलं.

(दृश्य: पुन्हा ओसरी. बाई तांदूळ निवडते आहे.)

दुसऱ्या सर्वेक्षणात सगळी राज्यं घेतली आहेत. पण आपल्याकडे "मला नैराश्य आलंय" असं म्हणतं कोण? "कशात जीव रमत नाही" म्हणतात. "डोकं भणभणतं." "झोप येत नाही हो, बाकी काही नाही."

त्या "बाकी काही नाही"पाशी जरा थांबा, ताई. टॅबवर "नाही"ची खूण लगेच करू नका.